साळवे बाई आणि त्यांचा दुभाष्या

साळवे बाई वाचायला बसल्या की एक हात कायम लाकडी पट्टीवर असायचा. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबच लांब घड्यांचा कागद टेबलावर पसरायचा, एका ओळीखाली पट्टी धरायची, ओळ पुटपुटत वाचायची आणि मग पट्टी एक ओळ खाली सरकवायची. दुसऱ्या हातात लाल पेन्सिल. वाटणीपत्र वाचताना माणूस जसा एकेक शब्द चाचपून बघतो, तसं त्यांचं वाचन. खोलीत कुणी आलं तरी ओळ पुरी झाल्याशिवाय मान वर होत नसे. मान वर झाली की मात्र त्या अगदी मोकळेपणाने म्हणत, "बसा. काय म्हणतंय तुमचं बियाणं?"

नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आमची बियाण्यांची कंपनी. मी उगवण प्रयोगशाळेत, बाजरीच्या विभागात. बाई संगणक विभागात. विभाग म्हणजे एक खोली, दोन यंत्रं, एक कूलर आणि चपला बाहेर काढायचा नियम. अठ्ठ्याऐंशी साली त्या तिथे आकडे भरण्याच्या कामावर लागल्या. परतूरच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते, आणि बौद्धवाड्यातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. टेबलाच्या काचेखाली बुद्धाचं एक लहानसं चित्र होतं आणि त्याशेजारी रेल्वेचं वेळापत्रक.

आज आमच्याकडे बाईंचं नाव निघतं ते एका चुकीसाठी. ज्यांनी त्यांना पाहिलंही नाही अशी नवीन पोरंसुद्धा सांगतात की, एका बाईने संगणकात काहीतरी बदललं आणि एका वर्षी बाजरी उगवली नाही. हे खरं नाही. ते खरं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, म्हणून हे लिहायला बसलो. उशीर झालाय, हेही कबूल.

बाईंचं काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण ते आमच्यातल्या निम्म्या लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या कंपनीची स्वतःची एक छोटी भाषा होती. उगवणीची सरासरी कशी काढायची, बियाण्याचा कोणता लॉट पास, कोणता नापास, हे आम्ही प्रयोगशाळेतले लोक त्या भाषेत चार-दहा ओळींत लिहायचो. यंत्राला ती भाषा थेट कळत नसे. मधे एक प्रोग्रॅम बसलेला असायचा, तो आमची एकेक ओळ वाचायचा आणि यंत्राकडून ते काम करून घ्यायचा. इंग्रजीत त्याला इंटरप्रिटर म्हणतात. बाई त्याला दुभाष्या म्हणत. पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअर पोराने तो लिहिला, आणि वर्षभरात तो पोरगा अमेरिकेला निघून गेला. जाताना कुणाला काही समजावून सांगितलं नाही. कपाटात फक्त कागदाचा गठ्ठा राहिला.

दुभाष्या दुपारपर्यंत बरा चालायचा आणि मग 'जागा संपली' म्हणून बंद पडायचा. सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, झालं. बाईंना हे पटेना. आकडे भरायचं काम उरकून त्यांनी तो गठ्ठा पट्टीखाली घेतला. चार महिने लागले. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी शिकवायला नव्हतं. एके दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या आणि म्हणाल्या, "सापडलं बघा. एका हिशोबाला जागा घेतो अन् परत देतच न्हाई. पहिल्या पंगतीची ताटं घासलीच न्हाईत, तर दुसऱ्या पंगतीला कुठून आणायची?" त्या दिवसानंतर यंत्र संध्याकाळपर्यंत चालू लागलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, त्यांना आकडे भरण्यातून काढून दुभाष्याच्या कामावर घेतलं.

पुढची आठ वर्षं त्या एवढंच करत होत्या. दुभाष्याच्या आतल्या चुका शोधायच्या, काढायच्या, आणि जे चालतंय पण वाकडं चालतंय ते सरळ करायचं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसू नये, हे त्यांचं समाधान. "कुणाला कळलं न्हाई म्हंजे बराबर झालं," असं म्हणायच्या. असल्या कामाला शाबासकी कोण देणार? पण त्यांची इच्छा अगदी एवढीच होती की, दुभाष्याने दिलेला आकडा कुणी पुन्हा कागदावर करून बघू नये. त्याच्यावर कुणाचा वहीम राहू नये. हे त्यांनी मला दोन-तीनदा बोलून दाखवलं होतं, आणि ते बोलताना त्या नेहमीच्या हसऱ्या बाई नसत.

त्यांच्या काही सवयींची आम्ही थट्टा करायचो. जो प्रोग्रॅम एकदा दुभाष्यावर अडखळला, तो त्या फेकून देत नसत. फ्लॉपीवर जपून ठेवत आणि ज्याने तक्रार आणली त्याचं नाव त्याला देत. दुभाष्यात काही बदललं की आमच्या हाती देण्याआधी ते सगळे जुने प्रोग्रॅम पुन्हा चालवायचे. शनिवारी सकाळी त्यांच्या खोलीतून आवाज यायचा, "जाधव एक, हजर. जाधव दोन, हजर. देशमुख चार... देशमुख चार कुठं गेले?" मी जाधव. माझे एकूण अकरा होते, आणि ही संख्या फार अभिमानाची नव्हती.

पूर्वी काही बिघडलं की पडद्यावर 'चूक क्रमांक सतरा' एवढंच यायचं, आणि सतरा म्हणजे काय ते अमेरिकेतल्या पोरालाच ठाऊक. बाईंनी एकेक करून ते सगळे निरोप बदलले. रोमन अक्षरांत, पण मराठीत. बाराव्या ओळीत आकडा पाहिजे होता, नाव आलंय, बघा. असे. त्यात 'चूक' हा शब्द कुठेही नव्हता. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "माणूस आधीच घाबरलेला असतो. त्यात मशीननं कशाला रागवायचं?"

आता त्या बदलाकडे येतो. त्याची सुरुवात राजूरहून झाली. तिकडच्या आमच्या प्लॉटवर रामराव म्हणून सुपरवायझर होते, पागोटं बांधणारे, बोलायला फटकळ. ठरलेल्या दिवशी प्लॉटमधली झाडं मोजून कार्डावर आकडा लिहायचा, ते त्यांचं काम. अंगारकीला राजूरच्या गणपतीला एवढी गर्दी झाली की त्यांना प्लॉटवर जाताच आलं नाही. त्यांनी इमानदारीत तो रकाना रिकामा सोडला. महिनाअखेरीला सरासरी आली ती भलतीच कमी. रामराव कागद घेऊन थेट जालन्याला आले आणि चपलांसह बाईंच्या खोलीत शिरले.

"बाई, मी गणपतीला गेल्तो तर माझी झाडं कमी व्हतात का हो?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद पाहिला, कार्ड पाहिलं, पट्टी काढली. दुभाष्या रिकाम्या रकान्याला शून्य समजत होता. संध्याकाळी त्या आम्हाला सांगत होत्या, "शून्य म्हंजे गेलो, मोजलं, अन् काहीच न्हाई दिसलं. रिकामं म्हंजे गेलोच न्हाई. ह्या दोन गोष्टी एक कशा व्हतील? हे तर खोटी साक्ष दिल्यासारखं झालं." दुभाष्याने इतकी वर्षं अशी साक्ष दिली याचा त्यांना खरोखर त्रास झाला होता. चेहऱ्यावर दिसत होता.

दुरुस्ती सोपी होती. सरासरी काढताना जेवढे आकडे खरंच मोजलेत तेवढ्यांनीच भागायचं. पण बाईंनी ती लगेच केली नाही. त्यांनी फळ्यावर सूचना लिहिली, आणि सूचना कुणी वाचत नाही हे माहीत असल्यामुळे त्या टेबलाटेबलाशी फिरल्या. कापसाचे देशमुख, भाजीपाल्याचे शेख, बाजरीचा मी. माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा मी कार्डं लावत बसलो होतो.

"जाधव, रिकाम्या रकान्याचं मी बराबर करून राह्यले. तुमच्या प्रोग्रॅममधे त्याच्यासाठी काही टेकू तर लावलेला न्हाई ना? असंल तर सांगा. टेकू काढल्याबिगर मी भिंत सरळ केली, तर भिंत दुसऱ्या अंगाला जाईल."

मी म्हणालो, "न्हाई बाई."

माझ्या प्रोग्रॅममध्ये टेकू होता, आणि तो प्रोग्रॅम कधी अडखळला नव्हता म्हणून बाईंच्या फ्लॉपीवरही नव्हता. आम्ही एका लॉटचे चारशे दाणे चार ट्रेंमध्ये शंभर-शंभर लावायचो. एप्रिल-मे महिन्यात वीज जायची, एखाद्या ट्रेला बुरशी लागायची. नियम असा की, असा ट्रे खराब झाला तर सगळी चाचणी पुन्हा लावायची. म्हणजे आणखी एक आठवडा. हंगाम तोंडावर, वरून घाई. मग मी खराब ट्रेचा रकाना रिकामा सोडून उरलेल्या तीन ट्रेंवरच भागवायचो. दुभाष्या त्या रिकाम्याला शून्य धरून चारने भागायचा, म्हणून मी शेवटी एक ओळ घातली होती, रकाना रिकामा असेल तर आलेल्या सरासरीला चारने गुणा, तीनने भागा. आकडा बरोबर यायचा. नियम मोडलाय पण आकडा मोडलेला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बाईंना हो म्हणालो असतो तर नियम मोडल्याचंही कबूल करावं लागलं असतं. नंतर गुपचूप ती ओळ काढून टाकू, असं ठरवलं. मे महिना लग्नसराईचा. राहून गेलं.

जूनमध्ये एका लॉटचा एक ट्रे बुरशीने गेला. बाकीच्या तीन ट्रेंत साधारण साठ-साठ दाणे उगवले होते. सुधारलेल्या दुभाष्याने सरासरी बरोबर काढली, साठ. माझ्या ओळीने तिचे ऐंशी केले. पास व्हायला पंच्याहत्तर लागत. कागदावर सही माझी, पण रोज पन्नास सह्या करणारा माणूस कागद बघत नाही. लॉट पास होऊन बाहेर पडला, त्यातल्या पिशव्या परतूरकडे विकल्या गेल्या.

पंधरा-वीस दिवसांत तक्रारी आल्या. ओळींत मोठमोठे खाडे पडलेत, दुबार पेरणी करावी लागणार. कंपनीने बियाणं बदलून दिलं, पण ओल कुणाला बदलून देता येत नाही. बाईंनी दोन दिवस रजा टाकली आणि त्या रामरावांना घेऊन त्या शेतांवर गेल्या. रामरावांनी मला नंतर सांगितलं, "बाई वाकून वाकून मोजत व्हती. एकेक ओळ. मी म्हणलं, ताई, दिसूनच राह्यलंय की उगवलं न्हाई, मोजता कशाला? तर म्हणली, मोजल्याबिगर कसं म्हणू?" ज्यांची शेतं होती त्यातला एकजण त्यांच्या वडलांसोबत जिनिंगमध्ये कामाला होता. त्याने त्यांना पाणी दिलं आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला, असंही रामराव म्हणाले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. संशय एकाच गोष्टीवर होता, कारण दोन महिन्यांत बदललेली गोष्ट एकच होती. बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता.

"बदल मी केला. विचारून केला, वाचून केला न्हाई. सगळ्यांचे प्रोग्रॅम वाचायला पाहिजे व्हते. ते माझं काम व्हतं."

साहेब म्हणाले, "म्हणजे चूक तुमच्या इंटरप्रिटरची?"

"माझी," बाई म्हणाल्या.

मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो. त्या दिवशी सकाळीच मी प्रोग्रॅममधून ती ओळ काढून टाकलेली होती.  बाहेर पडल्यावर काही लोक जे बोलले ते दुभाष्याबद्दल नव्हतं, बाईंच्या बौद्धवाड्याबद्दल होतं, आणि मी तेही ऐकून घेतलं. स्वतःची एवढी लाज मला नंतर कधी वाटली नाही, आणि तरी मी गप्प राहिलो.

निर्णयाला पंधरा दिवस लागले. हैदराबादहून तयार प्रोग्रॅम विकत आणायचा ठरला. आमची भाषा बंद. बाईंना स्टोअरला पाठवलं, पिशव्यांच्या लेबलांवर. मला दोन वर्षांनी बढती मिळाली.

स्टोअरमध्ये त्या पाच वर्षं होत्या. समोर आल्या की नेहमीसारख्या विचारायच्या, "काय जाधव, बरंय का?" आवाजात कधी खोच नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं. नवा प्रोग्रॅम रिकाम्या रकान्याचं काय करतो हे मी एकदा तपासून पाहिलं. शून्य धरत होता. आम्ही सगळे पुन्हा जुळवून घ्यायला लागलो होतो. बाईंना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. मग त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि परतूरला बहिणीकडे राहायला गेल्या. निरोपाला चहा-फरसाण होतं, भाषण कुणी केलं नाही.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मी परतूरला गेलो. दोन हजार सातची गोष्ट. कुणाच्या लग्नाला आलो होतो, सहज डोकावलो असं सांगायचं मनात होतं, पण लग्न वगैरे काही नव्हतं. सकाळच्या गाडीने उतरलो, स्टेशनवर विचारलं, घर सापडलं. दार बहिणीने उघडलं. बाई आतल्या खोलीत खिडकीशी बसल्या होत्या. केस पांढरे, चष्मा जाड. समोर कंपनीने भंगारात काढलेल्यांपैकी एक यंत्र होतं, ते त्यांनीच घेतलं होतं. पडद्यावर दुभाष्या.

"अजून करताय?" मी विचारलं.

"नावं शोधायचा भाग वाईट लिवलेला व्हता हो. सगळा उकलला अन् नव्यानं केला. आता चटकन सापडतं."

"पण वापरतं कोण?"

"कुणीच न्हाई. म्हणूनच तर नीट करता येतंय." आणि त्या खूप दिवसांनी मोकळं हसल्या. मग त्यांनी मला ते सगळं दाखवलं, हे इथून तिथे नेलं, ही दोन कामं एकच होती ती एकत्र केली. मला निम्मं कळलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. बोटं सुजलेली, कळांवर सावकाश पडत होती.

बहीण चहा ठेवायला गेली तेव्हा मी म्हणालो, "बाई, तेव्हा तुम्ही टेबलाशी येऊन विचारलं होतं. मी खोटं बोललो. बाजरीचा तो लॉट माझ्यामुळे गेला."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"माहीत आहे. तक्रार आली त्या दिवशीच मी सगळ्यांचे प्रोग्रॅम उतरवून घेतल्ते. तुम्ही ओळ काढायच्या आधी."

"मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

"तशी ओळ तिघांच्यात व्हती, जाधव. तुमच्या लॉटला लागली, त्यांच्या न्हाई लागली, एवढाच फरक. देशमुख मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी आले. शेख त्या शुक्रवारी आले. दोघं म्हणले, आम्ही साहेबांना सांगतो. मी म्हणलं, थांबा. एकटा-दुकटा गेला तर त्याचीच नोकरी जाईल. तिघं मिळून गेलात तर पद्धतच तशी पडल्ती असं म्हणता येईल, कुणाचंच काही जाणार न्हाई. दुभाष्या बी राहील." त्यांनी चष्मा लावला. "पण तिसऱ्याचं नाव मी घेणार नव्हते. त्यानं आपणहून यावं, असं माझं म्हणणं व्हतं. आम्ही पंधरा दिवस थांबलो."

त्या पंधरा दिवसांत देशमुख दोनदा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले होते. बाईंकडे जाऊन आलास का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी कार्डावरून नजर न काढता म्हणालो होतो, "कशाला?" हे मला तेव्हा, परतूरच्या त्या खोलीत बसल्या बसल्या आठवलं.

बहिणीने चहा आणला. बाईंनी माझ्या कपात स्वतः साखर घातली आणि विचारलं, मुलगी कुठे दिली, जावई काय करतात. मी उत्तरं दिली. निघताना त्या दारापर्यंत आल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही, कारण आता ती कशाकशाची मागायची ते मला कळत नव्हतं. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. खिडकीतून त्यांचा पांढरा माथा दिसत होता, पडद्याकडे वाकलेला.